लेकीचा खुबा आणि शस्त्रवैद्याचा शोध

खुबा हा शब्द आपल्या घरांतून बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या संबंधांतच ऐकूं येतो. कोणाची आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडते, खुब्याचें हाड मोडतें, मग इस्पितळ, मग धातूचा कृत्रिम सांधा, आणि पुढें वॉकर धरून दिवाणखान्यापासून देवघरापर्यंतच्या येरझारा, अशी या अवयवाची कथा आपणां सर्वांस पाठ झालेली असते. त्यामुळें विशी-पंचविशींतल्या धडधाकट मुलीच्या खुब्यास कांहीं होऊं शकतें, ही कल्पना चटकन् कोणाच्या गळीं उतरत नाहीं. तरुणपणीं दुखावयाचें तें कंबर, मान किंवा गुडघे. खुबा म्हणजे उतारवयाची मिरास, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो वैद्यकाच्या धंद्यांतल्या मंडळींतहि अगदींच नसतो असें नाहीं, हें गेल्या दोन वर्षांत आमच्या अनुभवास आलें. त्या अनुभवांतून जें ज्ञान पदरीं पडलें तें इतर आयाबापांच्या उपयोगीं पडेल, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमची धाकटी कन्या सव्वीस वर्षांची आहे. वयाच्या सातव्या वर्षापासून ती भरतनाट्यम् शिकली. आठवड्याचे पांच दिवस कचेरींत संगणकापुढें काम आणि रविवारीं सकाळीं आमच्या सोसायटीच्या सभागृहांत दहा-बारा लहान मुलींची नृत्याची शिकवणी, असा तिचा क्रम होता. भरतनाट्यमांत गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून, अर्धे वांकवून उभें राहण्याची जी मूळ बैठक, तिला अरमंडी म्हणतात. साऱ्या नृत्याचा डोलारा तिच्यावर उभा असतो. या बैठकींतच तिच्या उजव्या जांघेंत खोलवर कळ येऊं लागली. पुढें ती कळ नाचापुरती राहिली नाहीं. मोटारींत तासभर बसून उतरतांना, पायमोजा चढविण्यासाठीं गुडघा छातीशीं घेतांना, गणपतीच्या दिवसांत पंगतीला मांडी घालून बसतांना ती थबकूं लागली. "नेमकें कोठें दुखतें ग?" असें विचारलें म्हणजे ती एक बोट कोठेंच ठेवीत नसे; अंगठा मागें आणि चार बोटें पुढें जांघेंत, असा सारा पंजा अर्धचंद्रासारखा खुब्याभोंवतीं धरी. हा हात म्हणजे एक प्रसिद्ध खूण आहे, तिचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो म्हणून डॉक्टर तिला त्याच नांवानें ओळखतात, आणि दुखणें सांध्याच्या आंत असल्याचा तो एक पुरावा मानला जातो, हें आम्हांस पुष्कळ पुढें कळलें.

तोंपर्यंत पहिल्या डॉक्टरांनीं हें कंबरेच्या मणक्याचें दुखणें ठरविलें होतें. पांच महिने पट्टा, शेक आणि गोळ्या झाल्या. दुसऱ्यांनीं स्नायूंची ओढ म्हटलें. अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत खुब्यांतील किनार फाटलेल्या ६६ रोग्यांची हकीकत तपासली होती. अचूक निदान होईपर्यंत त्यांस सरासरीनें २१ महिने लागले होते आणि प्रत्येकानें सरासरीनें तीनांहून अधिक चिकित्सक पालथे घातले होते. तेव्हां आमची भ्रमंती कांहीं जगावेगळी नव्हती. अखेर एम.आर.आय. तपासणी झाली आणि कागदावर शब्द आले : उजव्या खुब्याचें लॅब्रम फाटलें आहे.

कागद घरीं आला त्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारच्या काकूंनीं कोंकणांतील एका हाड बसविणाऱ्याचा पत्ता दिला. भाऊजींनीं एका मोठ्या डॉक्टरांचें नांव सुचविलें, कारण त्यांनीं एका मंत्र्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया केली होती. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. ऐकावें जनाचें हें खरें. परंतु करावें मनाचें म्हटलें तर मनाला आधीं कांहीं कळलेलें असावें लागतें. म्हणून हा सांधा आहे तरी कसा, हें आम्हीं प्रथम समजून घेतलें.

शाळेच्या पुस्तकांत त्यास उखळीचा सांधा म्हणतात. कटीच्या हाडांत एक खोल वाटी, आणि तींत मांडीच्या हाडाचा वरचा वाटोळा गोळा बसविलेला. दोहोंवरहि कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वाटीच्या कडेला सभोंवार एक चिवट, लवचिक किनार असते. तिलाच लॅब्रम म्हणतात. तिचें काम मला समजलें तें स्वयंपाकघरांतल्या दृष्टान्तानें. कुकरच्या झाकणाला जी रबरी रिंग असते ती वाफ कोंडून धरते. त्याप्रमाणेंच ही किनार सांध्यांतील वंगणासारखा द्रव आंत कोंडून धरते आणि गोळ्यास वाटींत खेंचून ठेवण्यास साहाय्य करते. रिंग चिरली कीं कुकर फुसफुसतो. किनार फाटली कीं सांधा दुखतो, अडकतो, कधीं आंतल्या आंत 'कट्' असा आवाज करतो.

परंतु किनार फाटते कां? स्वित्झर्लंडांतील बर्न शहरचे शस्त्रवैद्य राइनहोल्ड गान्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं या प्रश्नाचें जें उत्तर मांडलें, त्यानें या विषयाची दिशाच बदलली. त्यांचें म्हणणें असें कीं, पुष्कळदां दोष किनारीचा नसून हाडांच्या घडणीचा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा जेथें मानेस मिळतो तेथें स्वाभाविक खळगा असावयाचा. कोणाच्या तेथें उंचवटा असतो. कोणाच्या वाटीची कड फाजील पुढें आलेली असते. कित्येकांत दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असतात. गुडघा वर घेऊन पाय आंत वळविला कीं हा उंचवटा कडेवर आदळतो, आणि अशा हजारों आघातांनीं किनार व तिच्यालगतची कूर्चा झिजते. वाढीच्या वयांत दमदार खेळ खेळणाऱ्या मुलांत हा उंचवटा अधिक आढळतो, असें पुढील अभ्यासांवरून दिसून आलें आहे. यावरून एक गोष्ट उघड होते कीं, नुसती फाटलेली किनार शिवून हाडाचा उंचवटा तसाच ठेवणें म्हणजे छपराचें भोंक न बुजवितां खालची जमीन पुसण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची. २०१२ सालच्या एका पाहणींत खुब्याची कोणतीहि तक्रार नसलेल्या ४५ माणसांची एम.आर.आय. तपासणी केली असतां त्यांपैकीं ६९ टक्के माणसांच्या किनारींत चीर आढळली. म्हणजे चित्रांत चीर दिसणें आणि त्या चिरेनेंच दुखणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१६ सालीं इंग्लंडांत वॉरिक येथें निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनीं एकत्र बसून जो एकमताचा निर्णय प्रसिद्ध केला त्यांतहि हेंच आहे : रोग्याची तक्रार, डॉक्टरांच्या हातांस तपासणींत मिळालेली खूण, आणि चित्रांतील दोष, या तीनहि गोष्टी जुळल्या तरच हें निदान करावें. नुसत्या कागदावर विसंबून शस्त्र उचलूं नये.

एवढें समजल्यावर आम्ही शस्त्रवैद्यांच्या दारीं गेलों. पहिले गृहस्थ गुडघ्याच्या व खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठीं नांवाजलेले होते. त्यांनीं एम.आर.आय.चें चित्र उजेडावर धरलें, मुलीस खुर्चीवरून उठविलेंसुद्धां नाहीं, आणि म्हणाले, "छोटींशीं दोन-तीन भोंकें. पुढच्या गुरुवारीं टेबल मोकळें आहे." मीं विचारलें, "आपण खुब्याच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?" ते हंसून म्हणाले, "बाई, दुर्बीण ती दुर्बीण. गुडघा काय नि खुबा काय!" दुसऱ्या डॉक्टरांनीं शांतपणें ऐकून घेतलें, परंतु त्यांचा निकाल एका वाक्याचा होता : "नाच सोडा, दुखणें सुटेल." जिन्यावरून उतरतांना मुलगी एक शब्द बोलली नाहीं. घरीं आल्यावर मात्र म्हणाली, "आई, नाच सुटला तरी चालेल असें तूंहि म्हणूं नकोस. चालेल कीं नाहीं, तें मला ठरवूं दे."

गुडघा काय नि खुबा काय, हें वाक्य माझ्या मनांत कित्येक दिवस घोळत राहिलें, आणि वाचन वाढत गेलें तसतसें तें किती उथळ आहे हें कळत गेलें. जपानांत केंजी ताकागी यांनीं १९१८ सालींच मृत देहाच्या गुडघ्यांत नळी घालून आंत पाहिलें होतें. न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनीं १९३१ सालीं मृत देहांच्या निरनिराळ्या सांध्यांत अशी नळी घालून पाहिली. परंतु खुब्यापाशीं त्यांस हात टेकावे लागले. गोळा वाटींत इतका घट्ट बसलेला, कीं त्या दोहोंच्या मधें नळी शिरविणें शक्य नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. ताकागी यांनीं रोग्यांच्या खुब्यांत दुर्बीण घातल्याची हकीकत १९३९ सालीं प्रसिद्ध केली. तरी हा मार्ग खऱ्या अर्थानें खुला होण्यास आणखी चाळीस-पन्नास वर्षें जावीं लागलीं. गुडघा कातडीच्या लगेच खालीं असतो. खुबा मांसल स्नायूंच्या खोल थराखालीं, महत्त्वाच्या नसा व रक्तवाहिन्या यांच्या शेजारीं, घट्ट पिशवींत गुंडाळलेला असतो.

म्हणून या शस्त्रक्रियेची पहिली पायरी म्हणजे पाय ओढणें. बहुधा रोग्यास पूर्ण भूल देतात. पावलास गादीचा बूट घालून तो खास टेबलाशीं बांधतात आणि पाय इतका खेंचतात कीं गोळा व वाटी यांच्या दरम्यान सुमारें ८ ते १० मिलिमीटरांची फट पडावी. ती पडली कीं नाहीं, हें क्ष-किरणांच्या फिरत्या यंत्रावर सतत पाहतात. मग सुमारें एकेक सेंटिमीटरचीं दोन-तीन छिद्रें पाडून एकांतून दुर्बीण व दुसऱ्यांतून हत्यारें आंत घालतात. ही दुर्बीण सरळ समोर पाहणारी नसते. कोपऱ्यापलीकडचें दिसावें म्हणून तिची नजर बहुधा ७० अंशांनीं वळविलेली असते. मीठपाण्याच्या प्रवाहानें सांधा फुगवून स्वच्छ ठेवतात. फाटलेली किनार शक्य तोंवर कापून न टाकतां वाटीच्या कडेच्या हाडांत बारीक खुंट्या बसवून त्यांच्या दोऱ्यांनीं पुन्हा जागेवर बांधतात. नंतर ओढ सैल करून मांडीच्या हाडावरचा उंचवटा लहान फिरत्या कानशीनें तासतात. तो कमी तासला तर टक्कर राहते, अधिक तासला तर हाड दुबळें होतें. शेवटीं सांध्याची कापलेली पिशवी पुन्हा शिवतात. पाय ओढून ठेवण्याचा काळ शक्य तितका कमी, दोन तासांच्या आंतच असावा, असा दंडक आहे. कारण त्या ओढीनें नसांस इजा होऊं शकते.

आपल्या सुश्रुतसंहितेंत 'योग्यासूत्रीय' नांवाचा एक अध्याय आहे. शिष्यानें सर्व शास्त्र पढलें तरी हातानें सराव केल्यावांचून तो कर्मास योग्य होत नाहीं, हा त्याचा विषय. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा, असें तेथें सांगितलें आहे. दोन सहस्रकांइतक्या जुन्या परंपरेंतील हा विचार आजच्या आंकड्यांशीं ताडून पाहण्यासारखा आहे. २०१८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शस्त्रवैद्यांनीं खुब्याच्या दुर्बिणीच्या ५१९ अथवा अधिक शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्या रोग्यांस पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण सर्वांत कमी आढळलें. पूर्वीं समजत असत कीं तीसएक शस्त्रक्रियांत हात बसतो. आतां प्रत्येक रोग्यास पांचशेंचा अनुभव असलेलाच वैद्य मिळेल असें नाहीं, आणि नवशिक्यानें शिकूं नये असेंहि नाहीं. परंतु किती केल्या, कोणाजवळ शिकलांत, आणि अद्यापि नियमित करतां कीं वर्षांतून चार, हें विचारण्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं. ज्यास या प्रश्नाचा राग येतो त्यानें उत्तर देऊन टाकलेलेंच असतें.

योग्य माणसाचा पत्ता आम्हांस लागला तो अनपेक्षित ठिकाणीं. माझ्या एका मैत्रिणीची सून व्यायामोपचार करणारी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "मावशी, डॉक्टर शोधायचा तर आम्हांला विचारा. शस्त्रक्रिया झालेलीं माणसें पुढचे सहा महिने आमच्यापुढेंच चालायला शिकत असतात. कोणाचीं माणसें कशीं चालतात, हें आम्हांला जाहिरातीवांचून कळतें." ही सूचना मला फार मोलाची वाटते. तिनें सांगितलेल्या गृहस्थांकडे आम्ही डेक्कन क्वीननें मुंबईस गेलों.

त्यांनीं चित्र शेवटीं पाहिलें. आधीं मुलीस खोलींतून चालावयास लावलें, एका पायावर उभें केलें, निजवून गुडघा वर घेतला व पाय आंत वळविला; तेव्हां ती कळवळली. मग तिचा अंगठा मनगटाकडे वांकवून पाहिला. नर्तकींचे सांधे पुष्कळदां मुळांतच सैल असतात, आणि तशा मुलीच्या सांध्याची पिशवी कापून न शिवल्यास सांधा अस्थिर होतो, हें त्यांनीं सांगितलें. नंतर उभ्या स्थितींतील नवीन क्ष-किरण चित्र काढवून वाटी उथळ तर नाहीं ना, हें मोजलें. वाटी फारच उथळ असेल तर दोष दुर्बिणीनें जात नाहीं, उलट वाढूं शकतो. तेथें वाटीचें हाडच कापून वळविण्याची निराळी, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. सांध्यांतील फट दोन मिलिमीटरांपर्यंत उतरली असेल, म्हणजे कूर्चा झिजून गेली असेल, तर दुर्बिणीचा लाभ फारसा होत नाहीं आणि अशा पुष्कळांस पुढें कृत्रिम सांधाच बसवावा लागतो. आमच्या मुलीच्या बाबतींत वाटी ठीक होती, फट पुरेशी होती, उंचवटा मात्र स्पष्ट होता. आपण गेल्या वर्षीं अशा किती शस्त्रक्रिया केल्या, कितींना पुन्हा टेबलावर घ्यावें लागलें आणि कितींना कांहींच गुण आला नाहीं, हें त्यांनीं न विचारतां सांगितलें. आणि इतकें करून शेवटीं म्हणाले, "तीन महिने नीट व्यायाम करा. मग पाहूं."

मला क्षणभर वाटलें, इतका प्रवास करून हाच का उपाय! त्यावर त्यांनीं इंग्लंडांतील एका मोठ्या प्रयोगाची माहिती दिली. २०१८ सालीं तो 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ३४८ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एकास दुर्बिणीची शस्त्रक्रिया व दुसऱ्यास प्रत्येकाच्या गरजेप्रमाणें आंखलेला व्यायामोपचार दिला. वर्षानंतर शंभरांपैकीं गुण मोजले, तेव्हां शस्त्रक्रियेच्या गटास सरासरी ५८.८ व व्यायामाच्या गटास ४९.७ मिळाले, मूळच्या फरकांचा हिशेब करून शस्त्रक्रियेकडे ६.८ गुणांची आघाडी उरली. म्हणजे सुधारणा दोन्ही गटांत झाली, शस्त्रक्रियेंत अधिक झाली, परंतु ती जादू नव्हे. शस्त्रक्रियेनंतरहि सरासरी माणूस शंभर गुणांच्या पुष्कळ अलीकडेच थांबला होता. तसेंच, आज शस्त्रक्रिया केली म्हणजे उद्यांचा संधिवात टळलाच, अशी हमी आपण देणार नाहीं, असेंहि ते स्पष्ट बोलले.

तीन महिने व्यायाम नेमानें झाला. नितंबाचे व पोटाचे स्नायु बळकट झाले. झोप लागूं लागली, कचेरींतलें बसणें सुसह्य झालें. परंतु अरमंडीची कळ जागच्या जागीं होती. मग डॉक्टरांनीं सांध्यांत तात्पुरती बधिरता आणणारें औषध सुईनें सोडलें. अर्ध्या तासानें ते म्हणाले, "आतां नाचून दाखवा." इस्पितळाच्या व्हरांड्यांत, औषधांची ढकलगाडी नेणारा पोऱ्या तोंडाकडे पाहत उभा असतां, तिनें अरमंडी घेतली आणि एक संपूर्ण अडवु केला. कितीतरी महिन्यांनीं तिचा चेहरा नाचतांना वेदनेनें आंखडला नव्हता. औषधाचा अंमल चार तासांनीं उतरला आणि कळ परत आली; परंतु दुखणें सांध्याच्या आंतलेंच आहे, याचा तो लेखी दाखल्याहून भक्कम पुरावा होता.

त्या रात्रीं घरीं चर्चा झाली. तिच्या बाबांचें मत, अजून सहा महिने थांबावें. माझ्या मनांत भुलेचें भय. सासूबाई इतके दिवस गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "अरे, सांधा तिचा, पाय तिचा. तिला विचारा कीं." मुलीनें सांगितलें कीं तिला रंगमंचावर पुन्हा उभें राहण्याची हांव नाहीं, पण मुलींना शिकवितांना जी गोष्ट तोंडानें सांगावयाची ती स्वतःच्या शरीरानें दाखवितां यावी, एवढी इच्छा आहे, आणि त्यासाठीं धोका समजून घेऊन पत्करण्यास ती तयार आहे. यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

धोके कोणते, तेंहि येथें सांगणें अवश्य आहे. मांडीच्या बाहेरील बाजूची कातडी बधिर होणें, मांड्यांमधील आधाराच्या खुंटाच्या दाबानें तेथील नाजूक भागास कांहीं काळ बधिरता येणें, पायांत रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, सांध्याभोंवतीं भलत्या ठिकाणीं हाड वाढणें, आणि क्वचित् सांध्यांत सोडलेलें पाणी पोटांत झिरपणें. कांहीं शस्त्रवैद्य आतां न घसरणारी गादी घालून व टेबल डोक्याकडे उतरतें करून तो खुंट वापरीतच नाहींत. म्हणून तोहि प्रश्न विचारावा. याशिवाय किनार शिवणार कीं कापणार, उंचवटा तासणार कीं नाहीं, पिशवी बंद करणार कीं नाहीं, नंतरचा व्यायाम कोणाच्या देखरेखीखालीं होणार, आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे प्रश्न आम्हीं कागदावर लिहून नेले होते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खर्चाचा अंदाजहि लेखी घ्यावा. हाडांत बसविण्याच्या त्या बारीक खुंट्यांची किंमत पुष्कळदां नगावर लागते आणि त्या किती लागतील हें आंत पाहिल्यावरच ठरतें. विम्याची मंजुरी आधीं मिळवावी, हें सांगणें नलगे.

शस्त्रक्रियेस सुमारें दोन तास लागले. पाय ओढून धरण्याचा काळ त्यांतला पन्नास मिनिटांचा होता, असें डॉक्टरांनीं बाहेर येऊन प्रथम सांगितलें, आणि त्यांनीं तें आपण होऊन सांगितलें याचें मला समाधान वाटलें. दुसऱ्या दिवशीं ती कुबड्यांवर उभी राहिली. तीन आठवडे त्या पायावर अर्धवट भार. रोज जागच्या जागीं चालवावयाची सायकल, तीहि जोर न लावतां. मांडी घालणें, उकिडवें बसणें, खालच्या बैठकीवर बसणें, सर्व वर्ज्य. एकीकडे सासूबाईंची काठी आणि दुसरीकडे नातीच्या कुबड्या, असा दोन पिढ्यांचा टकटकाट आमच्या घरांत कांहीं दिवस चालू होता. "माझी तरी एकच आहे," असें सासूबाई म्हणत. मांडीच्या बाजूस हातभर जागा बधिर झाली होती, ती दोन महिन्यांनीं हळूहळू जागी झाली. चौथ्या महिन्यांत ती जेवणास खालीं बसली. मधें सहाव्या आठवड्यास दुखणें पुन्हा उचल खाऊन आलें आणि सारें व्यर्थ गेलें असें वाटून ती एक रात्र रडली. व्यायाम थोडा कमी करतांच तें उतरलें. असा चढउतार पुष्कळांच्या वांट्यास येतो, हें आधीं ठाऊक असलें तर धीर सुटत नाहीं.

आज दहा महिने झाले. तिची रविवारची शिकवणी सुरू झाली आहे. अरमंडी ती पूर्वींपेक्षां दोन बोटें उंच घेते. पूर्ण खालीं बसण्याची मुळुमंडी तिनें सोडली आहे, ती एका मोठ्या विद्यार्थिनीकडून करवून दाखविते. लांबच्या प्रवासानंतर खुबा अजून थोडा आंखडतो. यास यश म्हणावें कीं नाहीं, तें तिनें ठरवावयाचें, आणि तिच्या मतें हें यश आहे. दुसरी एखादी मुलगी, नुसत्या व्यायामानें जेवढें बरें वाटलें तेवढ्यावर समाधान मानून, शस्त्रक्रिया न करण्याचें ठरवील, तर तिचाहि निर्णय तितकाच शहाणपणाचा असूं शकेल.

असो. ज्यांच्या घरांत एखादें तरुण माणूस जांघेवर असा अर्धचंद्राकार हात ठेवून महिनोन् महिने दुखणें सोशीत असेल, त्यांनीं तें हंसण्यावारी नेऊं नये, आणि छायाचित्रांतली चीर पाहून घाईहि करूं नये. मोठें नांव शोधण्याआधीं तपासणारे हात शोधावेत. प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरें लिहून आणावींत. एवढें केल्यावर पुढें जो निर्णय होईल तो घाईचा वा भयाचा नसेल. आमच्या दोन वर्षांच्या धडपडीचा कोणास एवढा उपयोग झाला तरी हें लिहिण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.